पाच खटके: एका कथेचा लघुपट होताना

९ जानेवारी

लेखिकेने फोनवर होकार दिला, पण फोनवरचा होकार म्हणजे हक्क नव्हेत. बर्न करार (लेखनहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) मानणाऱ्या सगळ्या देशांत रूपांतराचा अधिकार मूळ लेखकाचा असतो आणि लेखकाच्या पश्चात किमान ५० वर्षं टिकतो. छोटा लघुपट, ओळखीतला मामला, म्हणून हे कागदावर न आणता कामाला लागायचं आणि मग महोत्सवाने हक्कांचं पत्र मागितलं की धावाधाव करायची, हे नको. प्रकाशकाशी झालेला करार त्यांना काढून पाहायला सांगितला. दृकश्राव्य हक्क लेखिकेकडेच राखून ठेवल्याचं स्पष्ट कलम त्यात निघालं. सुटलो.

आमच्या करारात काय हवं ते लिहून काढलं: एकच लघुपट, कमाल लांबी, भाषा, महोत्सव आणि ऑनलाइन प्रदर्शन, मुदत, श्रेयनामावलीत नाव कसं जाईल, शीर्षक बदलायची मुभा. पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे हक्क यात नाहीत, हेही. त्यांची अट एकच, पटकथा वाचायला द्यायची. "सुचवीन, अडवणार नाही," म्हणाल्या.

१७ जानेवारी

पेन्सिल घेऊन कथा पुन्हा वाचली. जे कॅमेऱ्याला दिसेल किंवा माइकला ऐकू येईल, तेवढ्याच ओळी अधोरेखित करायच्या.

कथेचा ऐवज असा. नवरा गेल्यावर बायको त्याची गाडी वापरायला लागते. परवाना तिच्याकडे पूर्वीपासून होता, सवय नव्हती. तो उंच, ती बुटकी. सीट त्याच्या पायांच्या मापाने मागे सारलेली, आरसा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत. ती सीट पुढे ओढते, कामं उरकते आणि गाडी जागेवर लावली की उतरायच्या आधी सीट पुन्हा त्याच्या मापाला मागे सारते. रोज. मग गाडी दुरुस्तीला जाते. परत येते तेव्हा सीट कुठल्या तरी तिसऱ्याच ठिकाणी असते, आणि त्याची जागा नेमकी कुठली होती हे तिला सांगता येत नाही. सीट पार मागे असायची असती तर प्रश्नच नव्हता. टोक सापडतं, मधली जागा सापडत नाही.

बारा पानांच्या कथेत अधोरेखित ओळी जेमतेम दीड पान भरतील. बाकीचं सगळं मनात चाललेलं: आजारपणातली जुनी भांडणं, विम्याचे कागद, सांत्वनाला येणाऱ्यांचा वैताग, त्याच्यावरचा राग. कथेला ते शोभतं, आपल्याला दीड पानावर उभं राहायचंय.

२ फेब्रुवारी

पहिला खर्डा तयार. निवेदन भरपूर, कारण कथेतली वाक्यं इतकी चांगली आहेत की सोडवत नाहीत. निर्मातीला आवडला. मला नाही. पडद्यावर बाई रिकाम्या सीटकडे बघते आहे आणि वरून तिचाच आवाज सांगतो आहे की ती रिकाम्या सीटकडे बघते आहे. निवेदनाच्या सगळ्या ओळी पट्टीने झाकून खर्डा वाचला. विमा कचेरीचा प्रसंग आणि बहिणीशी फोनवरचं बोलणं, दोन्ही कोसळले. सीटचे प्रसंग जसेच्या तसे उभे राहिले. कोसळलेले काढून टाकले.

११ फेब्रुवारी

एका मित्राने खर्डा वाचून सुचवलं की दुःखाच्या पाच अवस्था घे, रचना आपोआप मिळेल. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. पटकथालेखनाच्या शिबिरांतून हे इतकं फिरलंय की मूळ कुणी बघत नाही. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये ही मांडणी केली ती मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. म्हणजे जाणाऱ्याचं मन, मागे राहिलेल्याचं नव्हे. मागे राहणाऱ्यांना ती नंतर लावली गेली. शिवाय पाच पायऱ्या घेतल्या की पाचवीवर सिनेमा संपवावाच लागतो. बाई गाडीत बसते, हसते, गाडी उन्हात निघून जाते. हा सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिलाय.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९मध्ये मांडलेलं प्रारूप मला जास्त कामाचं वाटतं. माणूस गेलेल्याकडे ओढला जातो आणि रोजच्या व्यवहाराकडेही, या दोहोंत त्याचं येणं-जाणं चालू राहतं आणि ते येणं-जाणं हेच सावरणं असतं, असं ते म्हणतात. आमची सीट नेमकी तेच करते. पुढे, मागे, पुढे, मागे. लेखिकेने हे सिद्धान्त वाचून लिहिलेलं नाही, विचारलं तर हसतील. मला मात्र यातून रचना मिळाली. चढता आलेख नको, फेरी हवी, आणि दर फेरीत एकच गोष्ट थोडी बदलायची.

२४ फेब्रुवारी

लेखिकेला भेटलो. पटकथा त्यांनी आधीच वाचून ठेवली होती, समासात बारीक अक्षरात खुणा.

"तिला रडताना दाखवणार का?"

"तुम्ही कथेत रडवलेलं नाही."

"मला लिहिता आलं नाही म्हणून. तुम्हाला जमलं तर दाखवा."

याची अपेक्षा नव्हती. मी संयमाचं कौतुक करत गेलो होतो आणि त्या म्हणतात, जमलं नाही. मग शेवटाचा विषय निघाला. माझ्या खर्ड्यात ती अखेरीस सीट पुढे ठेवूनच उतरते. त्यांनी त्या पानावर नुसती फुली मारली होती. "लोकांना बरं वाटावं म्हणून बाईला बरं करू नका," एवढंच म्हणाल्या. त्यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

१० मार्च

तिसरा खर्डा अकरा पानांचा. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशेब बोलपटाचा. आमच्या संहितेत संवाद जवळजवळ नाहीत, "ती सीट मागे सारते" ही ओळ वाचायला दोन सेकंद लागतात आणि पडद्यावर वीस. म्हणून घड्याळ लावून सगळी संहिता अभिनयासह रिकाम्या खुर्चीवर करून पाहिली. चौदा मिनिटांच्या आसपास. ऑस्करच्या नियमांत ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरतात, कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत मर्यादा श्रेयनामावलीसकट १५ मिनिटांची. कानची स्वप्नं कुणी बघत नाहीये, पण एका कार्यक्रमात पाच-सहा लघुपट बसवणाऱ्याला पंचवीस मिनिटांचा एक घेण्यापेक्षा तेरा मिनिटांचे दोन घेणं सोपं जातं. तेराचं लक्ष्य.

२६ मार्च

निवड चाचणी. संवाद नाहीत तर काय करून घ्यायचं? गाडी वारसाच्या नावावर करण्याचा एक खोटा फॉर्म बनवला आणि प्रत्येकीला सांगितलं, हा भरा. बहुतेक जणी 'मृताशी नाते' या रकान्यापाशी थांबल्या, डोळे भरून आणले. सगळं व्यवस्थित, सगळं अपेक्षित. जिची निवड केली ती त्या रकान्यापाशी थांबलीच नाही. सही करताना थांबली, पेन चालत नाही की काय म्हणून कागदाच्या कोपऱ्यात गिरवून पाहिलं, मग सही केली. पेन चालू होतं.

उंचीही हवी तेवढीच आहे, म्हणजे कमी. सीट पुढे ओढल्याशिवाय तिचे पाय खरंच पोचत नाहीत.

७ एप्रिल

गाडीचा शोध. दिसायला कुठलीही चालेल, आवाजाला नाही. नव्या गाड्यांच्या सीटा बटणावर मुकाट सरकतात. आम्हाला खालची दांडी ओढून, रुळावर खट् खट् करत सरकणारी हवी. साउंड रेकॉर्डिस्ट हेडफोन लावून लोकांच्या गाड्यांत सीटा मागे-पुढे करत फिरला, मालक बघत राहिले. शेवटी एक जुनी गाडी मिळाली. तिचे खटके सुटे, कोरडे आणि एकमेकांपासून वेगळे ऐकू येतात. अभिनेत्रीच्या जागेपासून नवऱ्याच्या जागेपर्यंत पाच. त्याच्याही मागे अजून दोन शिल्लक राहतात, कथेला हवं तसंच.

तिथेच कॅमेऱ्याची चाचणी. समोरच्या काचेत आकाश आणि इमारती दिसतात, चेहरा बुडतो. पोलरायझर (भिंगापुढचा, चमक कापणारा फिल्टर) लावला की प्रतिबिंब बरंचसं जातं, मात्र कोन साधावा लागतो (काचेला लंबापासून ५६ अंशांच्या आसपास परिणाम सर्वांत जास्त) आणि दीड-दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे निम्म्याहून कमी उरतो. त्यात बाजूच्या काचा टफन (तापवून कडक) केलेल्या, पोलरायझरमधून त्यांच्यावर ठिपके-पट्टे उमटतात. म्हणून समोरून पोलरायझर लावून, बाजूने न लावता, काळं कापड धरून. कॅमेरामन म्हणतो, थोडं प्रतिबिंब राहू दे, काच आहे हे कळायला हवं. बरोबर आहे.

आरशाचा शॉट. आरशात तिचे डोळे कॅमेऱ्याला दिसायचे तर तिलाही आरशात कॅमेराच दिसणार, परावर्तनाचा नियम दोन्हीकडून सारखा. तिला मागचा रस्ता दिसतो असं दाखवायचं असलं तरी आरसा लावायचा भिंगासाठी. अभिनेत्री म्हणाली, "म्हणजे इथेही आरसा माझ्यासाठी नाहीच." हे वाक्य संहितेत घालायचा मोह झाला. नाही घालणार.

१९ एप्रिल

गाडी चालतानाचे प्रसंग कसे घ्यायचे यावर बैठक. ट्रेलरवर गाडी चढवून ओढत न्यायची, तर त्याला माणसं, परवानग्या आणि पैसा. अभिनेत्रीनेच चालवत अभिनय करायचा हे मला मुळातच मान्य नाही, तेरा मिनिटांच्या सिनेमासाठी कुणी रहदारीत लक्ष वाटून घेऊ नये. तिसरा मार्ग गरिबांचा: गाडी उभी, बाहेरून दिवे सरकवायचे, दोघांनी बंपर हलवायचा. रात्रीचं छान जमतं, दिवसाचं फसतं.

बोलता बोलता सहायकाने विचारलं, गाडी चालताना दाखवायचीच कशाला? सगळे गप्प. खरंच कशाला? या सिनेमात जे घडतं ते गाडी उभी असताना घडतं. बसणं, ओढणं, सारणं, उतरणं. मधला प्रवास कटने जाईल. उजेड बदलला, मागच्या सीटवरच्या पिशव्या बदलल्या, की प्रवास झाला. खर्च वाचला हे खरं, पण पटकथेतले लटके पडणारे तीन प्रसंग आपोआप गेले हे जास्त मोलाचं.

४ ते ६ मे

चित्रण. रात्री सविस्तर लिहायचं त्राण नाही, मुद्दे फक्त.

तळघरातल्या पार्किंगमधल्या ट्यूबलाइट लुकलुकत होत्या. सेकंदाला २४ फ्रेम, त्याला शटर नेहमीचं १/४८ सेकंदाचं. वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० केल्यावर दर फ्रेमला नेमके दोन चढउतार आले आणि चित्र स्थिर झालं.

सीटची कंटिन्युइटी (जोडून येणाऱ्या शॉटमध्ये सीट त्याच जागी दिसणं) हेच मोठं काम. रुळाला चिकटपट्टी लावून प्रत्येक खटक्याला क्रमांक दिला, क्लॅपवर शॉट आणि टेकच्या खाली सीटचा क्रमांकही लिहिला. प्रसंग क्रमाने घेत नव्हतो, त्यामुळे याशिवाय एडिटरने डोकं आपटलं असतं.

रूम टोन, म्हणजे जागेच्या नुसत्या शांततेचं रेकॉर्डिंग: दारं बंद, इंजिन बंद, सगळे बाहेर, मिनिटभर. गाडीच्या आतली शांतता खोलीसारखी नसते, फोम आणि कापड सगळं पिऊन टाकतं. दार अर्धं उघडं ठेवूनही एक घेतला. पुढे उपयोग झाला नाही तरी हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी ठरलेलं नसताना ती रडली. दुरुस्तीहून गाडी परत आल्यानंतरचा प्रसंग, सीट सापडत नाही. मी कट म्हटलं नाही. कॅमेरा चालू राहिला, बूम (लांब दांडीवरचा माइक) धरणाऱ्याचा हात थरथरत होता. टेक तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. ठेवायचा का, ते नंतर.

फुटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्याच घरी. रोज रात्री, कितीही उशीर झाला तरी.

२ जून

संकलन. रडण्याचा टेक आधी घातला, मग काढला, मग पुन्हा घातला. आमची एडिटर हॉलिवूडमधल्या संकलक वॉल्टर मर्चचा दाखला देते: कटचे निकष लावताना त्याने भावनेला ५१ टक्के दिले, बाकी सगळ्यांना मिळून ४९. मी म्हटलं, मग रडणं ठेवायला हवं. ती म्हणाली, भावना प्रेक्षकाची, नटाची नव्हे.

सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोवचा जुना प्रयोग आम्हीही करून पाहिला. नटाचा एकच निर्विकार चेहरा सूप, शवपेटी आणि तरुणी यांच्या शेजारी लावला की प्रेक्षकाला तीन वेगळे भाव दिसतात, हे त्याने शंभरेक वर्षांपूर्वी दाखवलं. आमच्याकडे तिचा एक शॉट आहे, टेक सुरू होण्याआधीचा, ती नुसती सूचनेची वाट बघते आहे. तो रिकाम्या सीटनंतर लावला. रडण्याच्या टेकपेक्षा जास्त भिडतो. लेखिकेने मोकळीक दिली होती, अभिनेत्रीने टेक जमवून दाखवला होता, तरी तो बाहेर गेला. अभिनेत्रीला आज फोन करून सांगितलं, पडद्यावर कळण्यापेक्षा बरं. क्षणभर गप्प होती, मग म्हणाली, "ठीक आहे, पण मला तो टेक पाठवून द्या."

२५ जून

कामाशी संबंध नसलेल्या काही जणांना कच्चा कट दाखवला. प्रश्न एकच विचारला: शेवटी काय झालं?

निम्म्यांना कळलंच नाही की त्याची जागा हरवली आहे. 'तिने सीट नीट केली' असं उत्तर. कथेत यासाठी एक वाक्य आहे आणि ते पुरतं. आमच्याकडे सीटच्या रुळाचा क्लोज-अप आहे, तो कुणाला काही सांगत नाही, कारण दुसरा खटका आणि तिसरा खटका यातला फरक डोळ्याला दिसत नाही. निर्माती म्हणते, गॅरेजवाल्याच्या तोंडी एक वाक्य घाल. "सीट जरा हलवली हं, ताई." नको. ते ऐकलं की प्रेक्षक तिच्याआधी सगळं ओळखून मोकळा होतो.

१६ जुलै

उत्तर रेकॉर्डिस्टकडे होतं, गाडी शोधतानाच त्याच्या कानात होतं बहुधा. आतापर्यंत खटके नुसते वास्तवासाठी होते, कधी चार ऐकू येत, कधी पायांच्या आवाजात बुडत. त्याने त्याच गाडीत पुन्हा खटके घेतले, माइक रुळाजवळ ठेवून. पहिल्या तीन फेऱ्यांत पाचच्या पाच ऐकू येतात, त्याच लयीत. त्या वेळी दुसरा कुठलाही आवाज नाही. गॅरेजनंतरच्या फेरीत: चार. थांबणं. एक. थांबणं. एक पुढे.

ती कधीच मोजत नव्हती, तिच्या हाताला माहीत होतं. मोजत होता प्रेक्षक, आपण मोजतोय हे न कळता. कथेत ही गोष्ट शक्य नव्हती, तिथे वाचकाला तेवढंच ठाऊक असतं जेवढं निवेदिकेला. इथे प्रेक्षकाला उत्तर ठाऊक आहे आणि तो ते तिला सांगू शकत नाही.

रुळाचा क्लोज-अप काढून टाकला. त्या जागी तिचा हात, दांडीवर. नव्या मंडळींना दाखवलं. एकाने चक्क आकडा सांगितला. बाकीच्यांना कारण सांगता आलं नाही, पण 'तिला जागा मिळाली नाही' हे सगळ्यांनी सांगितलं.

५ ऑगस्ट

संगीत नाही. संगीतकार मित्राने व्हायोलिनचा सुंदर तुकडा पाठवला होता. लावला, आणि तो खटक्यांवर पसरला. त्याला कळवलं, रागावला नाही.

मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची जुळवणी. मोठ्या पडद्यासाठी आणि ऑनलाइनसाठी वेगळे. थिएटरमध्ये शांतता टिकते, मोबाइलवर बसमधला माणूस ती ऐकणार नाही. इंजिनाची खालची घरघर मोबाइलच्या स्पीकरमधून जवळपास नाहीशी होते. खटके वरच्या पट्टीतले, ते टिकतात. नशीब.

३० ऑगस्ट

ग्रेडिंग, म्हणजे रंग आणि उजेडाची जुळणी, झालं. तळघराचा हिरवटपणा थोडा ठेवला, त्वचेवरचा काढला. डीसीपीसाठी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) १९९८×१०८०, २४ फ्रेम. सबटायटल्स अगदी कमी. एके ठिकाणी ती नुसतं "अं" म्हणते, अनुवादकाने त्याचं वाक्य करून पाठवलं होतं. तिथे काहीच लिहू नये असं ठरलं.

अर्जांची यादी केली. काही महोत्सवांना पहिलं प्रदर्शन त्यांच्याकडेच हवं असतं, म्हणून आधी कुठे पाठवायचा हा क्रम महत्त्वाचा. तोवर ऑनलाइन चढवायचा नाही, मित्रांना उघडी लिंक द्यायची नाही. अर्जात एका ओळीत कथानक लिहा म्हणतात. 'पतीच्या मृत्यूनंतर एका स्त्रीचा स्वतःला शोधण्याचा प्रवास' असं निर्मातीने लिहून ठेवलं होतं. खोडलं. 'एक बाई रोज गाडीची सीट मागे सारते.' ती म्हणते यावर कुणी क्लिक करणार नाही. बघू.

१२ सप्टेंबर

लेखिकेला दाखवला. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. संपल्यावर विचारलं, "किती होते? पाच?" म्हटलं, पाच. "मी लिहिताना मोजले नव्हते," म्हणाल्या. रडण्याच्या टेकबद्दल सांगितलं, पाहायला मागितला नाही.

तक्रार एकच. गाडी फार स्वच्छ आहे. नवरा गेल्यावर इतक्या महिन्यांत त्या बाईने मागची काच पुसली नसती, आणि पुसली असती तर तो एक प्रसंग झाला असता. आता पुन्हा चित्रण शक्य नाही. मागच्या काचेचे चार शॉट आहेत, त्यातल्या दोनांत कॅमेरा स्थिर आहे. तेवढ्यांवर धूळ चढवता येते का, उद्या कलरिस्टला विचारायचं. डीसीपी तोवर थांबवलाय.